ऑपरेशनच्या आधीची धडधड आणि हृदयाची गोळी

दुधनाकाठ · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

माझ्या आत्याचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय. वय अठ्ठावन्न, सेलूजवळच्या खेड्यात राहते. आयुष्यभर रानात राबलेली, विंचू दिसला तर चपलेनं मारून पुढं चालणारी बाई. तारीख मिळाल्यापासून मात्र तिचं सगळं अवसान गळालंय. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे रिपोर्ट आहेत, ती पिशवी उशाला घेऊन झोपते. रात्री दोन वाजता दिवा लावून एकेक कागद काढते, इंग्रजी वाचता येत नाही तरी बघत बसते आणि त्याच क्रमानं परत ठेवते. विचारलं की एकच, "छातीत धडधड व्हायली गं, बाकी काय नाही."

चुलतभावानं एक बातमी धाडली. परदेशात कॅन्सरच्या ऑपरेशनआधी पेशंटला प्रोप्रॅनोलॉल देऊन भीती कमी होते का ते तपासायलेत. म्हणजे बीपीची, हृदयाची जुनी गोळी. आता हृदयाला काही झालेलंच नसताना ती भीतीवर कशी चालणार? आणि अशी चाचणी आपल्याकडं असेल तर तुम्ही घरचं माणूस त्यात घालाल का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तिथं नंबर लागेस्तोवर इथं कुणीतरी सांगा.

मोसंबीवाला (जालना) · १०:३१

ही गोळी मी कित्येक वर्षं घेतोय, मायग्रेनसाठी. सिप्लार नावानं मिळते. डोकेदुखी निम्म्यावर आली. हातपाय गार पडतात आणि स्वप्नं अशी चित्रविचित्र पडतात की विचारू नका. भीतीचं म्हणाल तर मार्केटात मोसंबीचा भाव ऐकल्यावर अजूनही तेवढंच धस्स होतं.

खवचट_खंडू · १०:४०

यात नवीन काय? आमच्या गावात कुणाच्याही छातीत धस्स झालं की शेजारचे रिटायर मास्तर खिशातून सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवायला देतात. भीती, गॅस, पोराचा बारावीचा निकाल, सगळ्याला एकच औषध. आमची चाचणी केव्हाच पूर्ण झाली, फक्त छापायची राहिली.

भूलथाप (लातूर) · ११:२५

आयडीवर जाऊ नका, मी भूल देणारा डॉक्टर आहे.

खंडूराव, आधी मास्तरांना आवरा. सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. नुसत्या भीतीच्या धडधडीवर दिली तर बीपी पडतं, ते सावरायला हृदय आणखी पळतं आणि घाबरलेला माणूस चक्कर येऊन आडवा होतो.

आता धाग्याचा प्रश्न. घाबरलो की अंगात ॲड्रेनलिन वाढतं. हृदयावर, रक्तवाहिन्यांवर, फुप्फुसांत बीटा रिसेप्टर नावाच्या जागा असतात, तिथं ते जाऊन बसलं की ठोके वाढतात, हात कापतात. प्रोप्रॅनोलॉल त्या जागा आधीच अडवून ठेवतं. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छाती दुखणाऱ्या पेशंटसाठी ते शोधलं आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. ऑपरेशनचा विचार या गोळीनं डोक्यातून जात नाही. पण छाती धडधडली की मेंदूला वाटतं, खरंच काहीतरी भयंकर चाललंय. तो आणखी घाबरतो, छाती आणखी धडधडते. हे रहाटगाडगं कुठंतरी थांबवता येतं का, एवढीच त्या चाचण्यांमागची कल्पना. गुंगीच्या गोळ्यांनीही भीती जाते, पण म्हातारी माणसं त्यानं भ्रमिष्टासारखी वागायला लागतात, श्वास मंदावतो. प्रोप्रॅनोलॉलनं तशी गुंगी येत नाही, शिवाय ते स्वस्त आहे. म्हणून लोकांना तपासून बघावंसं वाटतंय.

यात आणखी एक गोष्ट मिसळली जाते, ती वेगळी काढतो. ऑपरेशनच्या आसपास शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, त्याचा फायदा उरल्यासुरल्या कॅन्सरपेशींना होतो का, हाही शोध चालू आहे. ऑस्ट्रेलियातली एक चाचणी २०२० साली छापून आली. स्तनाच्या कॅन्सरच्या ६० बायका. निम्म्यांना ऑपरेशनआधी आठवडाभर प्रोप्रॅनोलॉल, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. काढलेली गाठ तपासल्यावर पसरण्याच्या काही खुणा औषधवाल्या गटात कमी दिसल्या. खुणा म्हणतोय मी. आयुष्य वाढलं असं त्यातून निघत नाही, साठ बायका आणि एक आठवडा यात ते निघणारही नाही. उद्या व्हॉट्सॲपवर हे "बीपीच्या गोळीनं कॅन्सर बरा" होऊन फिरेल, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

आणि आता भूलवाल्याची रड. आमच्या धंद्यात २००८चा पॉइझ अभ्यास कुणी विसरत नाही. ८,३५१ पेशंट, ऑपरेशन हृदयाचं नाही पण हृदयाला धोका असलेले. मेटोप्रोलॉल, म्हणजे याच घराण्यातली गोळी, ऑपरेशनच्या काही तास आधी बऱ्यापैकी मोठ्या डोसमध्ये सुरू केली. हार्ट ॲटॅक कमी झाले. पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले, त्यात बीपी पडण्याचा मोठा हात होता. तेव्हा "जुनी साधी गोळी आहे, देऊन टाकू" असं आम्ही म्हणत नाही. दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल द्यायचं नाही, श्वासनळ्या आवळतात. नाडी मुळातच मंद असेल तर द्यायचं नाही. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर घसरली की जी धडधड होऊन त्याला कळतं, ती धडधडच ही गोळी लपवते. आणि मोसंबीवाले, तुम्ही आधीपासून घेताय, तर उद्या कधी ऑपरेशन निघालं म्हणून एकदम बंद करू नका, त्यानं उलटं होतं. भूलवाल्याला सांगा फक्त.

मोसंबीवाला · ११:३४

सांगतो डॉक्टर. ऑपरेशन निघू नये एवढं बघा.

स्पष्ट_सांगतो (बीड) · मंगळवार, सकाळी ७:०५

डॉक्टरसाहेब छान लिहिलंत. पण माझं मत सरळ आहे. ज्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढून मोकळे झाले आणि शेवटी २०१९ साली सरकारला चौकशी समिती बसवावी लागली, त्या जिल्ह्यातल्या माणसाला "चाचणीत या" म्हणू नका. चाचणी म्हणजे आमच्या अंगावर शिकणं. आणि त्यातही निम्म्यांना खोटी गोळी! आधीच घाबरलेल्या बाईला खोटी गोळी द्यायची आणि भीती गेली का म्हणून विचारायचं, ही कुठली माणुसकी?

खवचट_खंडू · ७:२०

खोटी गोळी देऊन भीती घालवणं म्हणजे आमच्या गावचा अंगारा. पण त्यात निम्म्या लोकांना खरा अंगारा देतात का, हे बाबांनी कधी सांगितलं नाही.

चाचणीताई (छ. संभाजीनगर) · ११:४८

स्पष्टराव, तुमचा राग खोटा नाही. मी क्लिनिकल ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, म्हणजे पेशंटसमोर संमतीपत्र घेऊन बसणारी जी बाई असते ती. पिशव्यांचा प्रकार ही चाचणी नव्हती. तिथं लिहून ठेवणारं, विचारणारं, थांबवणारं कुणी नव्हतं, आणि त्रास त्याचाच होता. चाचणीत कागद इतके असतात की पेशंटपेक्षा आम्हीच थकतो.

आपल्याकडं कुठलीही चाचणी सुरू करण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, २००९ पासून ते बंधनकारक आहे. ती नोंद कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि त्या कमिटीत डॉक्टर सोडून इतरही माणसं बसतात. २०१९च्या नियमांत चाचणीमुळं इजा झाली तर उपचार आणि भरपाई दोन्ही आहे. पेशंट कधीही "मला नको" म्हणून उठू शकतो आणि त्याच्या नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होता कामा नये. कुणी म्हणालं, "आता सही केलीय, सोडता येणार नाही," तर तिथून सरळ कमिटीकडं तक्रार करायची. नंबर संमतीपत्रावरच असतो.

खोट्या गोळीबद्दल. ती लपवून देत नाहीत. दोन्हीपैकी कुठलीही मिळू शकते, हे आधी सांगूनच सही घेतात. आणि चालू उपचार काढून घेत नाहीत, जे नेहमीचं आहे ते दोघांनाही मिळतं. भीती ही अशी गोष्ट आहे की डॉक्टर प्रेमानं बोलले, कुणी रोज फोन करून विचारलं, तरी ती कमी होते. मग गोळीनं किती कमी झाली आणि विचारपुशीनं किती, हे कसं काढायचं? दुसरा गट त्यासाठीच लागतो.

"आमच्या अंगावर शिकणं" म्हणालात म्हणून एक सांगते. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं आपल्याच देशात ११ कॅन्सर केंद्रांत सुमारे सोळाशे बायकांवर चाचणी झाली. स्तनाचं ऑपरेशन सुरू करण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. दात काढताना जागा बधिर करायला देतात तेच, चहाच्या पैशातलं औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, दिलेल्या गटात ९०.१ टक्के. २०२३ साली छापून आलं. कुठलीही कंपनी यासाठी पैसे घालणार नव्हती, कारण त्यात कमाई नाही. प्रोप्रॅनोलॉलचंही तसंच आहे.

स्पष्ट_सांगतो · दुपारी १२:१५

लिग्नोकेनचं माहीत नव्हतं. वाचतो. पण संमतीपत्र वीस पानांचं आणि सही तीस सेकंदांत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यावर तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल.

चाचणीताई · १२:३२

खरंय, होतं तसं. मी नातेवाइकाला बाजूला बसवते आणि पेशंटलाच म्हणते, आता मला तुमच्या शब्दांत सांगा, काय करणार आहोत आपण. सांगता नाही आलं तर सही घेत नाही. सगळीकडं असं होतं असा माझा दावा नाही.

मांजराकाठ (केज) · १:५०

आमच्या अप्पांची गोष्ट वेगळी आहे, पण इथं बसते म्हणून लिहितो. जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन. आदल्या दिवशी वॉर्डात घेतलं. संध्याकाळपासून अप्पा बेचैन. घाम, हात कापायलेत, सिस्टरवर खेकसायलेत, नाडी जोरात. सगळे म्हणायलेत, म्हातारा घाबरला. मी बघत होतो, त्यांचा उजवा हात दर पाच मिनिटांनी छातीकडं जायचा. दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाले. मग लक्षात आलं, हात खिशाकडं जायलाय. सदरा काढून दवाखान्याचा गाऊन घातला होता, त्याला खिसाच नाही. चाळीस वर्षं त्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी. ती सकाळीच माझ्या भावानं काढून घेतली होती.

ते भ्यालेले होतेच. पण निम्मी तरी ती तलफ होती.

भूलथाप · २:१५

मांजराकाठ, हे सोन्यासारखं निरीक्षण आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये आम्हाला हे सतत दिसतं. निकोटीन तुटलं की चिडचिड, अस्वस्थपणा, झोप उडणं सुरू होतं आणि फाइलवर "चिंता" एवढंच लिहिलं जातं. दारू रोजची असेल तर ते आणखी धोक्याचं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट बरळायला लागतो. त्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल दिलं तर कापरं कमी दिसेल आणि खरं कारण झाकलं जाईल. म्हणून म्हणतो, घरच्यांनी लाज न बाळगता भूलवाल्याला सांगावं: तंबाखू किती, दारू किती, शेवटची कधी. आम्ही पोलिसात देत नाही.

भरतीवाला (हिंगोली) · ३:०२

अवांतर: ही गोळी आमच्या अभ्यासिकेत फेमस आहे. एमपीएससीच्या मुलाखतीआधी घेणारे दोघं मला माहितीयत. हात कापत नाही म्हणे.

बाकी २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याची दोन पदकं याच प्रोप्रॅनोलॉलपायी काढून घेतली. एक रौप्य, एक कांस्य. नेमबाजीत ती बंदी असलेल्या औषधांत येते. म्हणजे गोळी चालते याचा पुरावा उत्तर कोरियानं दिलाय.

खवचट_खंडू · ३:०९

पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरला घेतली तर?

भूलथाप · ३:३०

तर नाडी वाढणारच नाही, दम आधी संपेल आणि मागून येणाऱ्या पोरांच्या पाठी मोजत बसावं लागेल. मुलाखतीलाही न विचारता घेऊ नका. दमा असलेल्या पोरानं घेतली तर मुलाखतीच्या खोलीतून ॲम्ब्युलन्समध्ये.

दुधनाकाठ · ४:४४

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. भूलथाप डॉक्टर, तुमचं दम्याचं वाक्य वाचून थांबले. आत्याला कापूस वेचणीच्या दिवसांत खोकला लागतो, धाप लागते. गावातल्या डॉक्टरांनी पंप दिलाय, ती तो रोज घेत नाही, जास्त झालं की ओढते. हे कॅन्सरच्या डॉक्टरांना आम्ही सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलं तेव्हा "बीपी नाही, शुगर नाही" एवढंच सांगितलं. याला दमा म्हणतात का?

भूलथाप · ५:२०

पंप दिलाय म्हणजे तसं धरूनच चालायचं. मग आत्यासाठी प्रोप्रॅनोलॉल हा विषय इथंच संपला. या गोळीच्या कुठल्याही चाचणीतही त्यांना घेणार नाहीत, दमा असलेल्यांना आधीच वगळतात.

पण पंपाचं फिटनेसच्या तपासणीला पहिल्या वाक्यात सांगा आणि पंप सोबत घेऊन जा. भूल देताना श्वासनळी आवळली तर आमची पळापळ होते. आधी माहीत असेल तर आम्ही तयारीत असतो.

लेक_लातूरची · संध्याकाळी ७:१८

मला एक विचारायचंय. आत्यांना कॅन्सर आहे हे सांगितलंय का?

आम्ही आईला "गाठ आहे, काढायची" एवढंच सांगितलं होतं. मामा, काका सगळ्यांचं एकमत, नाव काढायचं नाही. ती पण काही विचारायची नाही. नुसती घाबरलेली. मग एका रात्री मी पाणी आणायला गेले तर ती शेजारच्या कॉटवरच्या बाईला सांगत होती, "पोरं मला सांगत नाहीत म्हणजे लई दिवस राहिले नसतील." तिचा कॅन्सर पहिल्या टप्प्यातला होता! डॉक्टर म्हणत होते, छान बऱ्या होतील. आम्ही नाव लपवलं म्हणून तिनं स्वतःच शेवटचा टप्पा ठरवून टाकला होता. दवाखान्याच्या दारावर केवढ्या अक्षरांत कर्करोग लिहिलेलं असतं, आणि ती सातवी शिकलेली बाई.

त्या रात्री सांगितलं. रडली. मग विचारलं, "केस जातील का?" आणि त्यानंतर झोपली.

चाचणीताई · ७:४०

लेक_लातूरची, हे फार मोलाचं लिहिलंत. आमच्याकडं चाचणीला पेशंट न मिळण्याचं एक मोठं कारण हेच आहे. संमती पेशंटची लागते आणि त्यासाठी आजाराचं नाव त्याला माहीत असावं लागतं. मुलगा बाहेर येऊन म्हणतो, "मॅडम, सही मी करतो, आईला कळू देऊ नका." कॅन्सरच्या ऑपरेशनची भीती मोजायची आहे आणि पेशंटला कॅन्सर माहीतच नाही, तर मी प्रश्नावलीत काय भरू?

नळदुर्गकर_गुरुजी · रात्री ८:५५

मी थोडा विरोधात बोलतो. वय एकाहत्तर, आतड्याचं ऑपरेशन झालेलं आहे. मला डॉक्टरांनी सगळं सविस्तर सांगितलं, आकृती काढून सांगितलं, टक्केवारी सांगितली. मला ते नको होतं. मी मुलाला म्हणालो होतो, तू ऐक, मला सही कुठं करायची तेवढं दाखव. पण आजकाल पेशंटला सांगायचंच अशी पद्धत आलीय. त्यानंतर मी आठ दिवस टक्केवारीचं गणित करत बसलो. पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला टक्केवारी देऊ नये.

ज्याला हवं त्याला सांगावं. ज्याला नको त्याला "नको" म्हणू द्यावं. आणि ज्यांना ही गोळी चालते त्यांना द्यावी, त्यात एवढं तत्त्वज्ञान कशाला? मला तेव्हा कुणी धडधड थांबवणारी गोळी दिली असती तर मी पाया पडलो असतो.

लेक_लातूरची · ९:०६

गुरुजी, मान्य. पण तुम्ही "नको" म्हणालात कारण काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं. आईला कुणी विचारलंच नव्हतं.

उस्मानाबादी_शेळी · ९:२७

भीती भीती काय लावलंय. आमच्या दादाची भीती मी सांगतो. महात्मा फुले योजनेत मंजुरी आली नव्हती. आरोग्यमित्र म्हणायचा, उद्या येईल. तोवर दादा रात्रभर हिशेब करायचा, सोयाबीन विकलं तर इतके, म्हैस विकली तर इतके, सोसायटीचं थकलेलं इतकं. बीपी मोजलं की वर. ज्या दुपारी मंजुरी आली त्या संध्याकाळी बीपी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली. कुठली गोळी, अजून सुरूच केली नव्हती.

खवचट_खंडू · ९:३१

शेळीताई/दादा, दंडवत.

सिस्टर_गोदावरी (नांदेड) · बुधवार, सकाळी ६:१०

नाइट करून आले, झोपायच्या आधी लिहिते.

दुधनाकाठ, गोळी राहू दे. तुझ्या आत्याला आदल्या दिवशी कुणीतरी सांगायला हवं की सकाळी काय काय होणार. बायकांचा जीव सगळ्यात जास्त कुठं अडकतो माहितीय? मंगळसूत्र काढताना. ऑपरेशन थिएटरच्या दारात घाईत "काढा, काढा" झालं की भल्याभल्या बायका कोसळतात, अपशकुन झाल्यासारखं वाटतं. जोडवी निघत नाहीत, साबण लावून ओढावी लागतात, बोट सुजतं. धातू अंगावर ठेवता येत नाही, ऑपरेशनच्या विजेच्या उपकरणानं भाजू शकतं. म्हणून हे घरीच निवांत करावं. मी तर सांगते, घरच्या मोठ्या बाईच्या हातानं काढून घ्या, डबीत ठेवा, कुंकू लावा. काही जणी काळा दोरा बांधून येतात, आमच्याकडं ऑपरेशनची जागा सोडून असेल तर कुणी हरकत घेत नाही. पण तुमच्या दवाखान्यात आधी विचारा.

दुसरं, यादीत पहिला नंबर मिळतो का बघा. सकाळी सातला उपाशी बसवायचं आणि दोनला आत न्यायचं, यात माणूस भीतीनंच अर्धा होतो. पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते नीट विचारा. लोक आदल्या रात्रीपासून घोटभर पाणीसुद्धा देत नाहीत, मग चक्कर, डोकेदुखी, धडधड.

भूलथाप · ८:०५

सिस्टरांना दुजोरा. साधारणपणे जेवण सहा ते आठ तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. चहात दूध असतं, तो पाण्यात धरू नका. आणि आदल्या रात्री झोपेची सौम्य गोळी देता येते, आत नेल्यावर सलाइनमधून मिडॅझोलाम देता येतं, त्यानं भीती आणि आठवण दोन्ही पुसट होतात. दम्यात हे कसं आणि किती, ते त्यांच्या भूलवाल्यानं ठरवायचं. मात्र सही गुंगीच्या आधी. गुंगीतल्या माणसाची संमती ही संमती धरत नाहीत. प्रोप्रॅनोलॉलचा एक फायदा तोही आहे, त्यानं माणूस शुद्धीत, विचार करू शकणारा राहतो.

टाळकरी (गंगाखेड) · ९:४४

हरिपाठ. कानात लावून द्यावा. आमच्या आईला दिला होता. फक्त हेडफोनची पिन नीट बसवा, आमची निघाली आणि अख्ख्या वॉर्डानं हरिपाठ ऐकला. समोरच्या कॉटवरचे चाचा म्हणाले, राहू द्या, बरं वाटायलंय.

भूलथाप · १०:१०

टाळकरी, संगीतावर तर प्रोप्रॅनोलॉलपेक्षा जास्त चाचण्या झाल्यात. ऑपरेशनआधी आवडीचं ऐकवलं तर चिंता कमी होते, असं अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसलंय. दम्यात चालतं, शुगरमध्ये चालतं, बीपी पाडत नाही.

मोसंबीवाला · १०:५२

मूळ प्रश्न राहिलाच. घरचं माणूस चाचणीत घालाल का? मी तर म्हणतो, हो. ही गोळी मी पोटात घालतोच आहे, मला तिची ओळख आहे. बायकोचं ऑपरेशन असतं आणि दमा-बिमा नसता तर मी तिला म्हणालो असतो, जा. निदान रोज कुणीतरी नाडी बघेल.

स्पष्ट_सांगतो · ११:३०

मी अजून नाहीच म्हणतो. पण चाचणीताईंसारखं कुणी समोर बसलं आणि माझ्या आईकडून वदवून घेतलं, तर आईचं आई ठरवेल. मी मध्ये येणार नाही. सीटीआरआयची साइट उघडून बघितली, इंग्रजीत आहे. मराठीत करा म्हणावं.

चाचणीताई · ११:४१

ही तक्रार मी पण करते.

दुधनाकाठ · दुपारी ३:१५

आज फिटनेसला जाऊन आलो. पंपाचं सांगितलं. भूलच्या मॅडमनी छाती तपासली, पंप रोज घ्यायला सांगितला आणि छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली. तारीख थोडी पुढं जाईल. प्रोप्रॅनोलॉलचं विचारलं तर हसून म्हणाल्या, वाचून आलात वाटतं; यांना नको. आत्यानं मॅडमना एकच विचारलं, "मधीच जाग आली तर?" मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि सांगितलं की पूर्ण वेळ त्या स्वतः डोक्याशी बसून असणार, मशीनवर सगळं दिसतं. हा प्रश्न तिनं आम्हाला एकदाही विचारला नव्हता. आम्ही सगळे समजत होतो ती गाठीला घाबरली.

जोडव्यांचं सिस्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. ती आजच काढते म्हणाली.

सिस्टर_गोदावरी · ३:४०

छान. आजच नको, आदल्या दिवशी काढ म्हणावं. एवढ्या लवकर कशाला उघडी बोटं.

परतूरचा_पांडू · रात्री ९:५८

धागा आत्ता वाचला. घाईत विचारतो, वडिलांचं शुक्रवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे. बीपीसाठी मेटोप्रोलॉल आणि टेलमिसार्टन अशा दोन गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. मेडिकलवाला म्हणाला, ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहायचं म्हणजे गोळ्या पण बंद. बंद करू का?

भूलथाप · १०:०६

दोन्हींचा हिशेब वेगळा आहे. मेटोप्रोलॉल नेहमीची असेल तर त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घेतात, तोडत नाहीत. टेलमिसार्टन त्या दिवशी बरेच भूलवाले थांबवतात, कारण भूल दिल्यावर बीपी फार खाली जातं. पण मेडिकलवाल्याचं नको आणि माझंही नको; उद्या सकाळी त्यांच्या भूलवाल्याला फोन करा आणि दोन्ही पाकिटं हातात धरून नावं वाचून दाखवा.